गळ, संसद आणि चार सेंटिमीटर

पोर्ट्समथ,
१२ ऑक्टोबर

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. मालवण परिसरातल्या हौशी गळवाल्यांची संघटना काढावी, स्वतः गरवायला जाणाऱ्या एखाद्या आमदाराला तिचे अध्यक्ष करावे आणि मग मत्स्यव्यवसाय खात्याकडे मागण्या न्याव्यात, हा तुमचा बेत समजला. ब्रिटनमध्ये गळ टाकणारे खासदार आहेत आणि मासेमारीच्या धोरणात त्यांनी बरेच लक्ष घातले आहे, हे तुझ्या कानावर आल्यामुळे इथला अनुभव कळव असे तू लिहिले आहेस. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुला ते पारखून घेता येईल. अशा लोकप्रतिनिधींमुळे गळवाल्यांचे म्हणणे सरकारदरबारी पोहोचले, हे त्यांचे श्रेय मी मनापासून मानतो. परंतु मंत्री बदलला तरी टिकेल असा नियम जोवर झाला नाही, तोवर माशाच्या पदरात काहीच पडले नाही, आणि त्या दिरंगाईची किंमत हौशी आणि पोटार्थी अशा दोघांनीही मोजली.

गोष्ट मुख्यतः एकाच माशाची आहे. त्याला इथे सी-बास, किंवा नुसते बास म्हणतात. आपल्या जिताड्याची आठवण व्हावी असा हा रुपेरी, पाठीवर काटेरी पर असलेला, चिवट आणि चविष्ट मासा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा गळवाला पहाटे उठतो तो बहुधा याच्यासाठी. तो फार सावकाश वाढतो. मादी चार ते सात वर्षांची झाल्यावर, म्हणजे चाळीस-बेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास पोहोचल्यावर, पहिल्यांदा अंडी घालण्याजोगी होते. हिवाळा सरता सरता हे मासे इंग्लिश खाडीच्या खोल पाण्यात मोठ्या संख्येने एकत्र येतात, तिथे अंडी घालतात, आणि प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे आलेली पिल्ले नदीमुखांत आणि खाड्यांत शिरून पुढची चार-पाच वर्षे तिथेच वाढतात. थंडी कडक पडली तर त्या वर्षीची पिल्ले फारशी टिकत नाहीत. सलग काही हिवाळे वाईट गेले आणि त्याच काळात अंडी घालायला जमलेल्या माशांवर मोठ्या बोटींची जाळी फिरत राहिली, तर साठा किती झपाट्याने खालावतो हे २०१० नंतरच्या वर्षांत इथे सगळ्यांनी पाहिले.

१९९० साली ब्रिटनने या माशाची किमान लांबी ३६ सेंटिमीटर ठरवली आणि पिल्ले वाढतात अशा ठरावीक खाड्यांमध्ये त्याच्या मासेमारीवर निर्बंध घातले. आमच्या शेजारची चिचेस्टरची खाडी त्यांपैकीच एक आहे. खाड्यांचे रक्षण झाले ते उत्तमच झाले, पण ३६ सेंटिमीटरची मादी म्हणजे एकदाही अंडी न घातलेली मादी, आणि ती पकडून विकायला कायद्याची पूर्ण मुभा होती. त्याच वर्षी शेजारच्या आयर्लंडने काय केले पाहा. आपल्या बोटींना त्यांनी बास धरून विकण्यास बंदी केली, गळवाल्याला चोवीस तासांत दोनच मासे ठेवण्याची परवानगी दिली, लांबी किमान ४० सेंटिमीटर ठेवली आणि १५ मे ते १५ जून हा काळ पूर्ण बंद ठेवला. हा मासा गळवाल्यांसाठी राखायचा, असे एका देशाने ठरवले आणि ते निभावले. इंग्लंडमधले गळवाले तेव्हापासून आयर्लंडकडे बोट दाखवत आले आहेत.

पंतप्रधानांच्या धोरण विभागाने २००४ साली 'नेट बेनिफिट्स' नावाचा अहवाल काढला, तेव्हा इंग्लंडमधल्या गळवाल्यांना पहिल्यांदा खरी आशा वाटली. व्यावसायिक मासेमारीतल्या काही जाती केवळ हौशी मासेमारीसाठी राखून ठेवाव्यात का, याचा विचार व्हावा आणि सुरुवात बासपासून करावी, अशी शिफारस त्यात होती. मत्स्यव्यवसाय मंत्री बेन ब्रॅडशॉ यांनी २००६ मध्ये जाहीर केले की एप्रिल २००७ पासून किमान लांबी ३६ वरून ४० सेंटिमीटर होईल. मंत्र्याने शब्द दिला, तारीखही दिली. मग २००७ च्या उन्हाळ्यात नवे पंतप्रधान आले, खातेपालट झाला, जोनाथन शॉ त्या जागी आले, आणि त्याच शरद ऋतूत त्यांनी तो निर्णय रद्द केला. लांबी ३६ सेंटिमीटरच राहिली. छोट्या बोटवाल्यांचे नुकसान लगेच होणार आणि फायदा मिळालाच तर उशिरा मिळणार, हा विचार त्यामागे होता, आणि तो अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण ते नुकसान टाळण्याच्या नादात पुढे त्याच बोटवाल्यांवर त्याहून कितीतरी मोठे नुकसान ओढवले.

हे चार सेंटिमीटर तुला तिथे बसून क्षुल्लक वाटतील, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. आमच्या जवळच्या हेलिंग बेटावरच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर एका संध्याकाळी माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या गळाला बास लागला. त्यांनी आधी हात समुद्राच्या पाण्यात ओले केले, माशाला ओल्या कापडावर आडवे ठेवले, नाकाचे टोक मोजपट्टीच्या शून्याला टेकवले आणि शेपटी हलकेच मिटवून पाहिली. चाळीस भरली. हाताच्या दोन बोटांच्या रुंदीइतकी लांबी आणखी असती तर मासा घरी गेला असता. पोट भरदार होते, खवले चांदीसारखे, आणि सवयीने कोणीही म्हणाले असते की चांगला मोठा मासा आहे. गृहस्थांनी गरी पकडीने सोडवली, गुडघाभर पाण्यात जाऊन मासा दोन्ही हातांत सरळ धरला आणि त्याने स्वतःहून शेपटी मारेपर्यंत थांबले. २००६ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने हा मासा घरी नेता आला असता, आजच्या ४२ सेंटिमीटरच्या नियमाने नाही, आणि मधल्या सगळ्या वर्षांत तर याहून चार सेंटिमीटर लहान मासेही बाजारात राजरोस येत होते.

आता खासदारांविषयी. रेडिंग वेस्टचे मजूर पक्षाचे खासदार मार्टिन सॉल्टर हे संसदेत असताना गळवाल्यांची बाजू मांडत; २०१० मध्ये संसद सोडल्यावर ते अँगलिंग ट्रस्ट या संस्थेत मोहिमा चालवू लागले. ही संस्था २००९ मध्ये गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या गळवाल्यांच्या जुन्या संघटना एकत्र येऊन झाली. हुजूर पक्षाचे चार्ल्स वॉकर २००५ ते २०२४ खासदार होते, स्वतः गळाचे निस्सीम शौकीन, आणि गळवाल्यांच्या सर्वपक्षीय संसदीय गटाचे अध्यक्ष. दोन परस्परविरोधी पक्षांची ही माणसे या एका विषयावर वर्षानुवर्षे एका सुरात बोलली, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांच्या हाती आकडेही आले. सरकारनेच करून घेतलेल्या २०१२ च्या पाहणीत इंग्लंडमध्ये समुद्रावर गळ टाकणारे ८,८४,००० लोक आढळले, त्यांचा वर्षाचा खर्च १.२३ अब्ज पौंड निघाला आणि त्यावर १०,४०० पूर्णवेळ नोकऱ्या थेट अवलंबून असल्याचे दिसले. ही माणसे कोणी रिकामटेकडी नाहीत, त्यांच्यावर किनाऱ्यावरची गावे जगतात, हे त्यानंतर मंत्र्यांना नाकारता येईना.

तरीही खरा बदल झाला तो साठा कोसळल्यावर, आणि तोही ब्रसेल्समध्ये. युरोपीय संघाचे मत्स्यमंत्री दर डिसेंबरात एकत्र बसून पुढच्या वर्षीच्या मासेमारीच्या मर्यादा ठरवत, आणि त्या बैठका रात्र-रात्र चालत. २०१५ च्या जानेवारीत अंडी घालण्याच्या काळात पाण्याच्या मधल्या थरात जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरना बंदी झाली, मार्चमध्ये गळवाल्यांना दिवसाला तीन माशांची मर्यादा आली आणि सप्टेंबरपासून किमान लांबी ४२ सेंटिमीटर झाली. म्हणजे २००७ मध्ये नाकारलेल्या चार सेंटिमीटरच्या जागी आठ वर्षांनी सहा सेंटिमीटर स्वीकारावे लागले. २०१६ मध्ये तर गळवाल्याला पहिले सहा महिने एकही मासा घरी नेता येईना, पुढचे सहा महिने दिवसाला एकच. उलट गळाने आणि स्थिर जाळ्याने मासेमारी करणाऱ्या व्यावसायिक बोटींना फेब्रुवारी-मार्च वगळता महिन्याला १.३ टनांपर्यंत मासे उतरवण्याची परवानगी होती. गळवाल्यांचा संताप झाला आणि तो न्याय्य होता. फेब्रुवारीत हाउस ऑफ कॉमन्समध्ये या विषयावर खास चर्चा झाली, अनेक खासदार उभे राहिले, हौशी लोकांवरचे निर्बंध अन्यायाचे आहेत असे ठासून सांगितले गेले. त्या वर्षीचा नियम काही बदलला नाही.

ही चर्चा मी बारकाईने वाचली तेव्हा मला एक गोष्ट खटकली, आणि तीच तुला विशेष सांगायची आहे. बहुतेक भाषणांचा रोख गळवाल्याला किती मासे ठेवता यावेत यावर होता. साठा किती उरला आहे यावर त्या मानाने थोडे बोलले गेले. शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तर त्याच वर्षी पुढच्या, म्हणजे २०१७ सालासाठी सल्ला दिला की हौशी असो वा व्यावसायिक, बास अजिबात पकडू नये. स्वतः गळ टाकणारा खासदार शौकिनाचे दुःख आतून जाणतो. पण त्यामुळेच तो शौकिनाचा वकील होऊन बसण्याचा धोका असतो, आणि माशाची बाजू घेणारे सभागृहात कोणीच उरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच माणसांची आहे. साउथ ईस्ट कॉर्नवॉलच्या तेव्हाच्या खासदार शेरिल मरे यांचे पती ट्रॉलरवर काम करीत आणि २०११ मध्ये समुद्रातच अपघातात गेले. त्या बाई व्यावसायिक मच्छीमारांसाठी बोलत, तेव्हा त्यांना हितसंबंधी म्हणून बाजूला सारणे मला कधीच पटले नसते. आपले मच्छीमार ज्या धोक्यात उतरतात तोच तो धोका.

राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून मला इथे संसदीय निवडणुकीत मत आहे, तेव्हा मीही आमच्या भागातल्या एका खासदारांना त्यांच्या मतदारभेटीच्या वेळी वाचनालयाच्या एका खोलीत भेटलो. ते स्वतः गळवाले. वीस मिनिटे त्यांनी माझे म्हणणे लिहून घेतले आणि मग शांतपणे म्हणाले, "तीनाचा एक मासा झाला तेव्हा माझ्याकडे पत्रांचा ढीग आला. अंडी घालणाऱ्या माशांवर जाळी चालत होती त्या वर्षांत मात्र मला क्वचितच कोणी लिहिले." हे ऐकून मला वाईट वाटले, कारण ते खरे होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. निर्बंधांमुळे साठा हळूहळू सावरू लागला, २०२० मध्ये दिवसाला दोन मासे घेण्याची मुभा मिळाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या मत्स्य कायद्यात हौशी मासेमारीच्या विकासासाठी अर्थसाहाय्य देण्याची तरतूद झाली आणि त्या कायद्याखाली डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी बासची व्यवस्थापन योजना प्रसिद्ध झाली. ती तयार होताना गळवाले, बोटवाले आणि शास्त्रज्ञ यांचे म्हणणे घेतले गेले. मला स्वतःला संसदेतल्या कोणत्याही गाजलेल्या भाषणापेक्षा ही रटाळ, लांबलचक योजना अधिक आश्वासक वाटते, कारण ती ठरावीक काळाने तपासावी लागते आणि मंत्र्याला ती गुपचूप गुंडाळता येत नाही.

तेव्हा मालवणसाठी माझे म्हणणे असे. आमदाराला अध्यक्ष करू नका. त्यांना मित्र ठेवा, त्यांच्याकडून विधानसभेत तारांकित प्रश्न विचारून घ्या, म्हणजे मंत्र्यांचे उत्तर छापील कामकाजात राहील आणि पुढच्या मंत्र्यांसमोर ठेवता येईल. अध्यक्ष तुमच्यातलाच असू दे, आणि कार्यकारिणीत निदान दोन रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार, घ्या. रापणवाले आणि यांत्रिक बोटींवरून माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणारे पर्ससीनवाले यांच्यातले भांडण तू लहानपणापासून पाहतो आहेस. हौशी माणसे त्यात तिसरा पक्ष म्हणून उभी राहिली तर दोघांच्याही शिव्या खातील. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी अधिनियम १९८१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात दंड वाढले, पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलैची बंदी आहे, आणि माशांच्या किमान लांबीचे नियमही २०२३ मध्ये आले. म्हणजे नवे काही मागण्याआधी, जे लिहिलेले आहे ते लिलावाच्या जागी पाळले जाते का, हे विचारण्यास तुम्हाला पुरेसा आधार आहे. आणि पहिल्या निवेदनात स्वतःवरचे बंधन आधी लिहा: आपले सभासद दिवसाला किती मासे ठेवतील, कोणत्या लांबीखालचे सोडून देतील, अंड्यांनी भरलेल्या मादीचे काय करतील. खात्यातल्या अधिकाऱ्याने आणि रापणकाराने तुमचे पुढचे पान उलटावे असे वाटत असेल तर ते पहिल्याच पानावर असायला हवे.

निवेदनाचा मसुदा तयार झाला की मला पाठव. जिताडा, तांबोशी आणि सरंगा यांच्या लांबीचे आकडे खात्याच्या अधिसूचनेशी ताडून पाहूनच त्यात घाल. मी फेब्रुवारीत येतो आहे, तेव्हा एक सकाळ रापणीवर जाऊ आणि त्या मंडळींना मसुदा वाचून दाखवू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत