उन्हाळी शिबिरासाठी पैसे हवेत, त्याहून जास्त माणसे हवीत

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

ईस्टर झाला, लग्नसराई सुरू झाली आणि आपल्या चर्चचे मुलांचे उन्हाळी शिबिर तोंडावर आले. पाळकसाहेबांनी दोन रविवार उपासनेत घोषणा केली, तरी नोंदवहीत कार्यकर्त्यांची चारच नावे आहेत. म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे.

शिबिर कसे उभे राहिले ते जुन्यांना सांगायला नको, पण नवीन सुना आल्या, बदलीवरची कुटुंबे आली, त्यांना कळावे. पहिल्या वर्षी चर्चच्या आवारात चिंचेखाली सतरंज्या टाकल्या, एवढीच आपली तयारी होती. गिरणीवाल्या काकांनी तेव्हा पोतेभर बाजरी दळून दिली आणि त्यानंतर एकही उन्हाळा चुकवला नाही. आपल्या गुरुजींच्या आईंनी पेन्शनमधून पेटी घेऊन दिली. आजी आता प्रभूजवळ आहेत, पण शेकोटीला अजून तीच पेटी वाजते आणि तिचा भाता ओढताना त्यांची आठवण निघाली नाही असे होत नाही. महिला मंडळ सुगीच्या सणाच्या लिलावातले पैसे दरवर्षी बाजूला काढते. पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या भावंडांनी मागच्या खेपेस पंखे पाठवले. मंडपवाले चाचा आपल्या मंडळीतले नाहीत, तरी भाड्याचा विषय काढला की रागावतात. या सर्वांचे उपकार कागदावर मावणारे नाहीत.

येणारी बरीच मुले ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जायचे, पाचटाच्या कोपीत राहायचे, धाकट्या भावंडाला सांभाळायचे आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी परतायचे. तोवर शाळेचे वर्ष सरलेले असते. अशा मुलाला शिबिरात कोणीतरी नावाने हाक मारते, त्याचे पाठांतर ऐकून घेते, रात्री अंगावर चादर घालते. मागे एका मुलीने साक्ष देताना सांगितले, इथे मला कोणी कामाला लावले नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मुलांइतकेच सांगायचे ते आपल्या तरुणांविषयी. बारावीत नापास होऊन घरात तोंड लपवून बसलेला एक मुलगा नुसते पाणी भरायला म्हणून आला होता. तिसऱ्या दिवशी धाकट्या गटाचा गटनेता आजारी पडला, म्हणून त्याला बसवले. कृतिगीते त्याला येत नव्हती, मुलांनीच शिकवली. आज तो पुरवणी परीक्षा देऊन पुढे शिकतो आहे आणि प्रत्येक मे महिन्यात सुट्टी काढून येतो. मीही सासरी आले तेव्हा या गावात माझे कोणी नव्हते. चुलीपाशी कांदे चिरता चिरता मला बहिणी मिळाल्या. आपले इथे काय काम आहे, हे रविवारच्या बाकावर बसून मला कळले नसते.

आपण नगर जिल्ह्यातली माणसे. १८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे काम सुरू झाले. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाई एकट्या, शिक्षिका म्हणून समुद्र ओलांडून आल्या आणि नगरला मुलींना शिकवत राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त आपल्या बोलीत आणला. टाळ हाती घेऊन मुले भजन म्हणतात तेव्हा तो वारसा आपल्या अंगणात चालू असतो. तो फक्त पैशांवर चालला नाही, राबणाऱ्यांवर चालला.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागली आहे, ती बोलते. गेल्या वर्षी समारोपाला आवार भरून गेले, सर्वांनी फोटो काढले, कौतुक केले. त्याच रात्री भांडी घासायला आम्ही पाच जणी होतो. “मुलांना नुसते खेळवता” असेही कानावर आले. ज्यांना तसे वाटते त्यांनी एक दिवस येऊन गटात बसावे, एवढीच विनंती. राग नाही, पण आम्ही थकलो आहोत.

शिबिर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवार ते शनिवार, वय ८ ते १४, मुलांना फी नाही, पालकांचे संमतीपत्र आवश्यक. गटनेते १२ हवेत (वय १८ च्या पुढे, निम्म्या तरी मुली), स्वयंपाकाला ६, रात्रपाळीला ४ वडीलधारे. पूर्वतयारीचे दोन्ही शनिवार गटनेत्यांना सक्तीचे, न आल्यास गट मिळणार नाही. एका मुलाचा सहा दिवसांचा खर्च ६०० रुपये. पूर्ण, अर्धा, जमेल तो द्यावा, पावती खजिनदारांकडून जरूर घ्यावी. धान्य, तेल, गूळ, वह्या, रंगखडू चालतील. जुने कपडे कृपया नकोत. पाण्याचा एक टँकर रोज लागेल, दोन दिवसांचा मिळाला आहे, चार दिवसांचा बाकी आहे. नावे रविवारी उपासनेनंतर चर्च कार्यालयात माझ्याकडे द्यावीत, दूरच्यांनी आपल्या विभागाच्या, मंडळीने नेमलेल्या वडिलांकडे. मोठा तवा मागच्या वर्षी तडकला, कोणाकडे असल्यास आठवडाभर द्यावा, घासून परत करू.

प्रभूच्या सेवेत आपली,
चिटणीस, तरुण संघ