रॉक शो फसतो तो दुपारी चार वाजता

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुण्याच्या वेशीवरच्या मैदानात नुकत्याच झालेल्या रॉक कार्यक्रमाचा वृत्तांत आपल्या अंकात वाचला. 'तरुणाई बेभान', 'रोषणाईने डोळे दिपले' वगैरे सगळे त्यात होते. सहाव्या गाण्यापासूनच लोक पार्किंगकडे निघाले होते, एवढे मात्र राहून गेले. दुसऱ्या दिवशी चाहत्यांत दोनच निदाने फिरत होती : बँड म्हातारा झाला, नाहीतर भारतात फक्त पैशासाठी आला. आम्ही हे संगीत वर्षानुवर्षे ऐकणारी मंडळी आहोत, काहीजण साउंडच्या धंद्यातलेही आहोत, आणि आम्हाला दोन्ही निदाने पटत नाहीत. बँडचे व आयोजकांचे नाव मुद्दामच घेत नाही. जे बिघडले ते इतरत्रही नेमाने बिघडत असते.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी लेड झेपेलिन हा फुटलेला ब्रिटिश रॉक बँड पुन्हा एकत्र आला. गायक रॉबर्ट प्लांट तेव्हा ३६ वर्षांचा होता, गिटारवाला जिमी पेज ४१ चा. गाणी तीनच. गिटार सुरात नव्हती, प्लांटचा घसा बसलेला होता, मॉनिटरमधून, म्हणजे कलाकारांना स्वतःचे वाजवणे ऐकवणाऱ्या स्पीकरमधून, धड ऐकू येत नव्हते. ड्रमवर दोघे होते, टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स. त्यातला कॉलिन्स त्याच दिवशी लंडनला वेम्ब्लीत वाजवून काँकॉर्ड विमानाने थेट अमेरिकेत उतरलेला, म्हणजे सगळ्यांनी मिळून नीट तालीम केली असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे 'लाइव्ह एड'ची डीव्हीडी निघाली तेव्हा बँडने आपला भाग त्यात घालू दिला नाही. हीच मंडळी १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात उभी राहिली तेव्हा पेज ६३ चा आणि प्लांट ५९ चा होता. ड्रमवर बँडच्या दिवंगत ड्रमरचा मुलगा जेसन बोनहॅम, कित्येक आठवड्यांच्या तालमी, काही गाणी मूळ पट्टीच्या खाली उतरवलेली. सोळा गाणी, दोन तासांहून जास्त, आणि त्या रात्रीबद्दल लोक अजून बोलतात. वय बावीस वर्षांनी वाढले आणि कार्यक्रम सुधारला! 'लाइव्ह एड'च्याच दिवशी वेम्ब्लीत क्वीन या बँडने एकवीस मिनिटांत मैदान मारले, त्यासाठी ते आधी काही दिवस लंडनच्या शॉ थिएटरात तालीम करत होते, हेही सांगायला हवे.

आता आपल्याकडचा दिवस कसा जातो ते पाहा. चार जणांच्या रॉक बँडला साधारण २४ ते ३२ चॅनल, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या वाटा, लागतात. नुसत्या ड्रमलाच दहा माईक : कीकला आत एक, बाहेर एक, स्नेअरला वर-खाली दोन, हाय-हॅटला एक, तीन टॉमना तीन, वर लटकणारे ओव्हरहेड दोन. प्रत्येक माईकची जागा, गेन (आवाजाची पातळी), नॉइज गेट (नको तो आवाज अडवणारी सोय) लावायचे, मग सगळे मिळून दोन-तीन गाणी पूर्ण वाजवून तोल साधायचा, म्हणजे दीड-दोन तासांचे काम. यालाच साउंडचेक म्हणतात. ट्रक सकाळी सहाला येणार असतो तो दहाला येतो. जनरेटरवाला दुपारी उगवतो. एलईडीची भिंत उभी करणाऱ्यांना अंधार नको असतो, म्हणून दुपारभर स्टेज त्यांच्याकडे. चार वाजता बँड साउंडचेकला हजर असतो तेव्हा केबल पसरायचे काम चालू असते, आणि साडेपाचला लोकांसाठी गेट उघडायची वेळ होते. मग होते ते फक्त लाईनचेक. एकेक चॅनल वाजवून बघायचा, आवाज येतोय ना, पुढे चला. आवाज *येतो* हे त्यातून कळते. कसा येतो ते पहिल्या चार गाण्यांत हजारो लोकांसमोर शोधावे लागते. चाहते म्हणतात, 'सुरुवात थंड झाली.' त्याचे कारण हेच असते.

त्यात कन्सोलवर, म्हणजे आवाजाच्या मिक्सरवर, बसलेला माणूस बँडचा नसेल तर आणखी पंचाईत. गिटारचा सोलो कुठे सुरू होतो हे त्याला पाठ नसते. सोलो सुरू झाला की त्याच्या लक्षात येते, तो फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) शोधतो, वर सारतो, आणि तोवर पहिल्या चार मात्रा गेलेल्या असतात. ज्या जागेची लोक वीस वर्षे वाट पाहत होते ती जागा नेमकी दबकी ऐकू येते. उपाय साधा आहे : सेटलिस्टच्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे सोलो कुणाचा, कोणत्या कडव्यानंतर, एवढे लिहून कन्सोलवर चिकटवायचे. हौशी कॉलेज बँड हे करतात, मोठ्यांच्या गडबडीत राहून जाते.

गिटारचा आवाज 'रेकॉर्डसारखा नव्हता' ही तक्रार खरी आहे, पण दोष बोटांचा नसतो. विमानाचे वजन वाचवायला आता बरेच बँड ॲम्प्लिफायर न आणता मॉडेलर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे छोटे यंत्र, घेऊन येतात. त्यातले प्रीसेट (आधी लावून साठवलेले आवाज) खोलीत, हळू आवाजात बनवलेले असतात. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी भासतात, म्हणून बनवणारा ते वाढवून ठेवतो. तेच मैदानातल्या पीएवर (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरवर) शंभर डेसिबलला वाजले की खाली घुमते आणि वर किरकिरते, आणि मधला गिटारचा गाभा हरवतो. प्रीसेट मोठ्या आवाजात तपासून बास-ट्रेबल उतरवावे लागतात, म्हणजे पुन्हा साउंडचेकच. सुराचेही तसेच. एसी खोलीतून गिटार थेट गरम स्टेजवर आली की तारा तापून सैल पडतात, सूर खाली येतो. केस उघडून निदान अर्धा-पाऊण तास गिटार स्टेजच्या हवेत ठेवायला हवी. सवाईत तानपुरे जुळेपर्यंत लोक शांत बसून असतात, रॉकच्या गर्दीपुढे गिटारवाल्याला तेवढी उसंत नसते. दुसरी गिटार तयार नसेल तर ट्यूनिंग बदलणाऱ्या प्रत्येक गाण्याआधी मिनिटभर भयाण शांतता.

गायकाबद्दल सर्वांत जास्त बोलले गेले, म्हणून थोडे सविस्तर. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर माणूस नकळत ओरडतो. पायाशी ठेवलेला वेज मॉनिटर वाढवावा तर तो शिट्टी मारतो, कारण आधी प्रत्येक वेज वाढवून, कुठली फ्रिक्वेन्सी शिट्टी देते ते हेरून ती कापायला वेळच मिळालेला नसतो. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत घसा घासटलेला, पुढचा तासभर तो वरचे सूर टाळत, ओळी प्रेक्षकांवर सोडत काढतो. आपण त्याला 'मनापासून गात नव्हता' म्हणतो. कानात घालायचे इन-इअर मॉनिटर वापरले की हा त्रास बराच कमी होतो, पण त्याचे मिक्सही आधी लावून ठेवावे लागते.

मागे उभ्या असलेल्यांची तक्रार वेगळी होती : ड्रम दोनदा ऐकू येत होता. ते अगदी खरे आहे आणि त्याचे गणितही सोपे आहे. आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. मागच्या लोकांसाठी स्टेजपासून ७० मीटरवर उभ्या केलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यापर्यंत, म्हणजे डिले टॉवरपर्यंत, पोहोचायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. टॉवरच्या स्पीकरमध्ये वीज मात्र तत्क्षणी पोहोचते, म्हणून तिथला आवाज मुद्दाम तेवढाच, २०० मिलिसेकंद, मागे ठेवायचा असतो. तो ठेवला नाही तर मिनिटाला १५० मात्रांच्या लयीतल्या गाण्यात स्नेअरचा ठोका बरोबर मधल्या अर्ध्या मात्रेवर पुन्हा पडतो आणि सगळी लय चिखल होते. मोजायला मीटरपट्टी आणि पाच मिनिटे पुरतात. बासचे वेगळेच. डावी-उजवीकडे लावलेले सब (बासचे स्पीकर) मधोमध एकमेकांना जोर देतात आणि बाजूला काही पट्ट्यांत एकमेकांना खातात. ६० हर्ट्झची लहर सुमारे ५.८ मीटर लांब असते, दोन्ही सबपासूनच्या अंतरात २.९ मीटरचा फरक पडला की तिथे तो बास गायब. शेजारी-शेजारी उभे राहिलेल्या दोन मित्रांचे मत वेगळे पडते ते उगाच नाही. सब स्टेजसमोर एका ओळीत पसरून ठेवले तर हे खड्डे बरेच बुजतात, पण ती जागा हल्ली कॅमेऱ्याच्या रुळांना दिलेली असते.

शेवटची वीस मिनिटे आवाज एकदम पडला, त्याला 'बँडने आटोपते घेतले' असे म्हटले गेले. बँडने काहीही केले नव्हते, मुख्य फेडर खाली आला होता. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, यातले जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते, आणि त्यातले बहुतेक दिवस कुठे जातात ते आपल्याला माहीतच आहे. कन्सोलपाशी, ४० मीटरवर, १०० डेसिबल असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर ढोबळ हिशेबाने ६ डेसिबल कमी होतात : ८० मीटरवर ९४, १६० वर ८८, ३२० वर ८२. म्हणजे मोठ्या मैदानाच्या कुंपणावरही नियम मोडणारच. नियम योग्य आहे, शेजारच्या सोसायटीत आजारी माणसे असतात. चूक आहे ती हे गणित परवानगीच्या दिवशी न करता पोलीस आल्यावर करण्यात. स्टेजचे तोंड वस्तीकडून फिरवणे, मुख्य स्पीकर कमी आवाजात ठेवून टॉवर वाढवणे, सब मागे आवाज न फेकणाऱ्या कार्डिऑइड मांडणीत लावणे, हे सगळे आधी करता येते. ऐनवेळी ६ डेसिबल उतरवले की ड्रमचा छातीवरचा धक्का जातो आणि लोक एकमेकांशी बोलायला लागतात. मग बँडची आणखी पंचाईत.

वेळेचेही गणित इथेच अडकते. दहाला बंद म्हणजे बंद. गेट तासभर उशिरा उघडले, आधीच्या दोन बँडनी वेळ खाल्ला, की मुख्य बँडच्या सेटमधून गाणी गळतात. गळतात ती बहुधा लांब, हळूहळू चढणारी, चाहत्यांना सर्वांत प्रिय असलेली. एन्कोर, म्हणजे शेवटी लोकाग्रहास्तव वाजवायची गाणी, तर पहिला बळी.

बँडचा स्वतःचा दोष नव्हताच असे नाही. लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर कोरस आणि कीबोर्ड चालू असतात, ड्रमरच्या कानात क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) असते, आणि मग गाणे एक सेकंदही इकडेतिकडे होऊ शकत नाही. लोक गात असताना एक आवर्तन वाढवावे, सोलो लांबवावा, ही मुभाच संपते. क्लिक वापरायला आमची ना नाही, पण दीड तासाच्या सेटमध्ये तीन-चार गाणी तरी त्याशिवाय ठेवायला काय हरकत आहे? पट्टी न उतरवण्याचा हट्टही तसाच निरर्थक. अर्धा सूर खाली घेतलेला शंभरातल्या पाच जणांना कळतो. फाटलेला तार स्वर शंभरच्या शंभर जणांना कळतो.

आणि फॅन पिट, म्हणजे स्टेजलगतची कठडा घातलेली जागा. सर्वांत महाग तिकीट घेऊन कठड्यापाशी उभे राहिलेले बरेचजण दीड तास मोबाइल उंच धरून होते. गाणी पाठ असलेली मुले तीस मीटर मागे, दुसऱ्या कुंपणाच्या पलीकडे. स्टेजवरच्या माणसाला दिवे डोळ्यांवर असताना पुढच्या पाच-सहा रांगाच दिसतात. त्याला दिसले ते थंड लोक.

बँड बेताचा वाजला म्हणून पैसे परत मिळणार नाहीत, ती अपेक्षाही नसावी. पण ज्या विभागाचे तिकीट विकले तिथून स्टेज दिसतच नसेल किंवा जाहीर केलेला कलाकार आलाच नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून दाद मागता येते. तिकीट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि जागेवरून काढलेला फोटो जपून ठेवावा. हेल्पलाइन १९१५ आहे.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी वार्ताहराला थोडे वेगळे टिपायला सांगावे : जाहीर वेळ काय होती, बँड प्रत्यक्ष किती वाजता आला, किती मिनिटे वाजला, साउंडचेक झाला का, मागच्या कुंपणापाशी शब्द कळत होते का. दोन गाणी पुढे, दोन टॉवरमागे आणि दोन कन्सोलशेजारी उभे राहून ऐकावीत. कन्सोलपाशी उभे राहू का असे विचारले तर इंजिनिअर सहसा नाही म्हणत नाही, फक्त चहाचा कप त्याच्या टेबलावर ठेवू नये.

आपले,
काही रॉकप्रेमी व ध्वनितंत्रज्ञ, पुणे