नागिणीनंतरची आग आणि विजयाचं तेल

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नागीण सुकून चौदा महिने झाले, कातडीवर आता नुसता डाग उरलाय, तरी बरगडीखालची आग जात नाही आणि सदऱ्याची कड लागली तरी निखारा टेकवल्यासारखं होतं, हे वाचून जीव कळवळला. त्यात तुझी पुतणी न्यू जर्सीहून गांजाच्या तेलाची बाटली आणते म्हणतेय. "तिकडे कायदेशीर आहे, मग इथे काय हरकत?" असं तू विचारलंयस.

हरकत मोठी आहे, ती आधी सांगतो. न्यू जर्सीत वैद्यकीय वापराचा कायदा २०१० पासून आहे हे खरं. पण तो त्या राज्यापुरता आहे. बाटली विमानतळात शिरली की अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा लागतो आणि मुंबईत उतरली की आपला १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. परवान्याशिवाय देशात आणणं हा त्यात वेगळा गुन्हा आहे, आणि तिकडच्या डॉक्टरचं कार्ड किंवा चिठ्ठी दाखवून तो टळत नाही. वाटेत दुबईला विमान बदलायचं असेल तर तिसरा कायदा, आणि तो फार कडक. बाटलीवर "फक्त सीबीडी (म्हणजे झाडातला नशा न आणणारा घटक), नशा नाही" असं लिहिलेलं असलं तरी कस्टमच्या टेबलावर ती बाटली संशयितच ठरते. ती नमुना म्हणून तपासणीला जाईल आणि अहवाल येईपर्यंत पोरगी अडकेल. तुझ्या दुखण्यापायी तिला हे भोगायला लागू नये.

आता आपल्याकडचं. लोक समजतात त्यापेक्षा हा कायदा थोडा वेगळा आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे, चरस म्हणजे राळ, अशी त्यात व्याख्या आहे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची असते म्हणून ती या कायद्यातून सुटते. पण म्हणून महाराष्ट्रात ती मोकळी आहे असं नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो आणि विनापरवाना भांग बाळगता येत नाही. बनारसला सरकारी ठेक्यावर जे मिळतं ते इथे घरात ठेवलं तर गुन्हा. आणखी एक गैरसमज फार पसरलाय, "एक किलोपर्यंत गांजा चालतो" असा. चालत नाही. १ किलो ही "अल्प मात्रे"ची मर्यादा आहे, म्हणजे तिथपर्यंत शिक्षा कमी, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा तो आहेच.

मग औषध म्हणून काय मिळतं? पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. औषध कायद्याच्या ई-१ या परिशिष्टात विषारी द्रव्यांची यादी आहे आणि बिया वगळून भांग तिच्यात आहे. त्यामुळे अशा बाटलीवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" हा इशारा छापावाच लागतो. उत्पादकाकडे आयुर्वेदिक औषधं बनवण्याचा राज्याचा परवाना हवा आणि नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी घेऊनच ते घ्यावं. घेतलंस तर चिठ्ठी, बिल आणि बाटली कायम एकत्र ठेव आणि प्रवासात नेऊ नकोस. किराण्याच्या किंवा व्यायामाच्या दुकानात मिळणारं भांगेच्या बियांचं तेल ही निराळीच वस्तू. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ते खाद्य म्हणून मान्य केलं, पण त्यात नशेच्या घटकाची, टीएचसीची, मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. चटणीवर घाल, चवीला बरं लागतं. दुखण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तरी ते दुखण्याच्या नावाने विकलं जातं याचा मला संताप येतो.

आता उपयोग किती, ते. झाडातले दोन घटक महत्त्वाचे. टीएचसी मेंदूतल्या आणि मज्जातंतूंवरच्या सीबी-१ नावाच्या जागांवर बसतो, त्याने वेदनेचा निरोप मंदावतो आणि नशाही त्यानेच येते. सीबीडीने नशा येत नाही, पण एकट्या सीबीडीने वेदना कमी होतात याला पुरावा कच्चा आहे. शरीर स्वतःही असा पदार्थ बनवतं. तो १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये सापडला, आणि शोधणाऱ्यांनी आपल्या "आनंद" शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं.

मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या सोळा चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये निष्कर्ष काढला. दुखणं निम्म्याने कमी झालेले रुग्ण औषधाच्या गटात १०० पैकी २१ होते आणि खोट्या औषधाच्या गटात १७. म्हणजे शंभरात चार जणांचा फरक. उलट त्रासामुळे औषध सोडणारे १० टक्के, खोट्या औषधाच्या गटात ५. वेदनांच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना २०२१ मध्ये म्हणाली की सरसकट वापराला आम्ही पाठिंबा देत नाही. उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१९ मध्ये जुनाट दुखण्यासाठी नको असंच सांगितलं. हे मी तुला निराश करायला लिहीत नाही. काहींना खरंच गुण येतो, मुख्यतः झोप सलग लागते आणि दुखणं तेवढंच असलं तरी त्याचा काच कमी होतो. तो गुण तुला येईल का, हे मोजून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

मोजण्यातच लोक फसतात. समज, लेबलवर लिहिलंय: "३० मिली, विजया अर्क ३००० मिलिग्रॅम". म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम अर्क. हे टीएचसीचं माप नव्हे. अर्कात २० टक्के टीएचसी असेल तर मिलीत २० मिलिग्रॅम, ५० टक्के असेल तर ५० मिलिग्रॅम. दोन्ही बाटल्यांवर तोच आकडा, पण दुसरीचा तोच थेंब अडीचपट जोरदार. म्हणून त्या बॅच क्रमांकाचा प्रयोगशाळेचा अहवाल मागायचाच. त्यात टीएचसी आणि सीबीडी मिलीमागे किती, आणि शिसं, कॅडमियम, कीटकनाशकं, द्रावकाचे अंश किती हे असायला हवं. हे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेतं, त्यामुळे धातूंची ओळ आधी वाच. अहवाल मिळत नसेल तर बाटली घेऊ नकोस.

थेंब मोजू नकोस. तेलाचा थेंब बाटलीगणिक आणि थंडी-उन्हाळ्यागणिक बदलतो. १ मिलीची, शंभर रेघांची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. सुई फेकून दे आणि तिने तेल ओढ. मिलीत २० मिलिग्रॅम टीएचसी असेल तर १ मिलिग्रॅम म्हणजे पाच रेघा.

मात्रेबद्दल तज्ज्ञांनी सहमतीने एक सावध रीत ठरवली आहे, ती वैद्याला दाखव. तुझं वय ६६, त्यामुळे तीच तुला लागू. आधी सीबीडी प्रधान तेल, रात्री ५ मिलिग्रॅम, दोन-तीन दिवसांनी ५ ते १० ने वाढवत दिवसाला ४० पर्यंत. तेवढ्याने भागलं नाही तरच टीएचसी, रात्री १ मिलिग्रॅम, आणि आठवड्याला फक्त १ ने वाढ. बऱ्याच जणांचं अगदी लहान मात्रेवर भागतं. नेहमी जेवणानंतर घे, कारण तुपा-तेलाबरोबर ते जास्त शोषलं जातं. एक दिवस उपाशी आणि एक दिवस जेवून घेतलंस तर तीच मात्रा दोन दिवशी दोन तऱ्हांनी लागेल.

पोटातून घेतलेलं औषध चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, कधी त्याहून जास्त. यकृतात टीएचसीचं रूपांतर अधिक जोरदार पदार्थात होतं आणि परिणाम सहा-आठ तास टिकतो. शिवरात्रीच्या थंडाईचा घोटाळा हाच. पाऊण तासात काही वाटत नाही म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि दोन्ही एकदम चढतात. एक मात्रा घेतल्यावर त्या रात्री दुसरी नाही, हा नियम कागदावर लिहून बाटलीला चिकटव. घरी पानं तुपात उकळून करायच्या भानगडीत तर पडूच नकोस. पानापानात टीएचसी वेगळा, आंच कमी पडली तर कच्चा घटक टीएचसीत बदलतच नाही. ओढण्याचा पर्याय तुझ्या छातीला नको.

उठताना भोवळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड आणि घाबरं होणं हे नेहमीचे त्रास. तुझ्या वयात सगळ्यात मोठी भीती पडण्याची. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बस, दिवा लाव, मग उभा राहा. तू रक्तदाबाची गोळी घेतोस, शिवाय मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन आणि रात्री अॅमिट्रिप्टिलिन. तिन्हींमुळे गुंगी किंवा भोवळ येऊ शकते, त्यात टीएचसीची भर. वैद्याला या तिन्ही गोळ्या सांग आणि डॉक्टरांना हे तेल. एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवलंस तर घोटाळा होईल. रक्त पातळ करायची वॉरफरिन कधी सुरू झालीच तर जास्तच जपावं लागेल, कारण या तेलाने तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका येतो. ज्यांना आधी मनोविकाराचा झटका येऊन गेलाय किंवा ज्यांचं हृदय अस्थिर आहे, त्यांनी टीएचसी घेऊच नये. तुझी स्कूटर मात्र ज्या रात्री घेशील त्याच्या दुसऱ्या सकाळपर्यंत बंद. लघवीच्या तपासणीत अंश अनेक दिवस, नेमाने घेतल्यास आठवडेही दिसतो.

हे सगळं करण्याआधी दोन साध्या गोष्टी बाकी आहेत असं तुझ्या पत्रावरून दिसतं. कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनची ५ टक्के पट्टी नागिणीनंतरच्या आगीसाठीच आहे. फुटलेल्या नव्हे, धड कातडीवर बारा तास लावायची, बारा तास काढायची. तिने डोकं जड होत नाही. दुसरं म्हणजे मिरचीच्या कॅप्सेसिनचं मलम, ०.०७५ टक्के, दिवसातून तीन-चारदा. पहिला आठवडा-दोन आठवडे आग वाढते, तिथेच लोक सोडून देतात. लावल्यावर हात साबणाने धू, डोळ्याला बोट लागलं तर तारांबळ उडेल. आणि आतून मऊ, जुनी, घट्ट बसणारी बनियन घाल. सैल कापड हलत राहतं आणि तेच जास्त डिवचतं.

एक वही कर. रोज सकाळी तीनच आकडे: रात्री किती तास झोप, दुखणं शून्य ते दहात किती, किती पावलं चाललास. औषध सुरू करण्याआधीचे दोन आठवडेही त्यात हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? दुखणं शून्यावर येईल ही आशा धरू नकोस. दहातला सात पाचवर आला, किंवा सात तसाच राहून झोप चारची सहा तास झाली, तर गुण आला. तीन महिन्यांत वहीत फरक दिसला नाही तर बंद कर. बरं वाटेल त्या दिवशी सगळी कामं उरकायला जातोस आणि पुढचे तीन दिवस आडवा पडतोस, ते आधी थांबव. तीन साधारण दिवसांची पावलं मोज, सरासरीच्या ऐंशी टक्के चाल, आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढव. चांगल्या दिवशीही त्याच्यापुढे जायचं नाही.

सुधीर, एक गोष्ट मनाला लागून राहते. एनडीपीएसच्या ८ व्या कलमात वैद्यकीय वापराला सूट आहे आणि १० व्या कलमाने राज्यांना नियंत्रित लागवडीची परवानगी देता येते. १९८५ च्या त्याच कायद्यात मॉर्फीनही अडकलं होतं. कॅन्सरचे रुग्ण तळमळत होते आणि दवाखान्यांना चार-पाच परवान्यांसाठी खेटे घालावे लागत होते. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मॉर्फीनसह सहा औषधांसाठी सगळ्या देशाला एकच नियम आला. गांजाच्या औषधासाठीही मला तेवढंच हवंय: ठरलेल्या ताकदीचं, तपासलेलं, चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळणारं. जर्मनीत २०१७ पासून तसं मिळतं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टर लिहून देऊ शकतात. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने २७ विरुद्ध २५ मतं पडली, आणि त्या २७ मध्ये भारत होता. तिकडे हात वर केला, पण इथे तुझ्यासारख्याला अजून लेबलचं गणित स्वतःच करावं लागतं.

पुतणीला मात्र आजच फोन कर, तिचं तिकीट पंधरवड्यावर आलंय म्हणालास. तेल नको म्हणावं. तिला काही आणायचंच असेल तर लिडोकेनच्या पट्ट्या आणू दे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ खोक्यासकट. मी गुरुवारी दुपारी घरीच आहे. वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पुढ्यात घेऊन फोन कर, आपण एकेक नाव वाचत बसू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय