पहिल्या ट्रेलच्या आधी

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. ऑफ-रोड क्लबाचा, म्हणजे रस्ता सोडून खडबडीत वाटांवर गाड्या नेणाऱ्यांच्या क्लबाचा, फॉर्म भरायच्या आधीच तू स्नॉर्कल, लिफ्ट किट, लाइट बार अशा गाडीवर बसवायच्या वस्तूंची यादी करून बसलायस, म्हणून घाईने लिहितोय. ती यादी बाजूला ठेव. नवशिक्याची गाडी अडते ती बहुतेक वेळा टायरमधल्या जादा हवेमुळे, जड उजव्या पायामुळे, नाहीतर स्पॉटरचं, म्हणजे खाली उभं राहून वाट सांगणाऱ्याचं, न ऐकल्यामुळे. या तिन्हीवर दुकानात औषध नाही.

पहिला ट्रेल, म्हणजे अशा वाटेवरची पहिली फेरी, दुसऱ्याच्या गाडीत, बाजूच्या सीटवर बसून कर. बरेच क्लब पाहुणा म्हणून येऊ देतात. ड्रायव्हरच्या पायांकडे बघ. जाणता माणूस क्लचला जवळजवळ हातच लावत नाही, म्हणजे पायच लावत नाही. ताफ्याची शिस्तही तिथेच कळेल. पुढे वाट दाखवणारी लीड गाडी, शेवटी स्वीप गाडी, आणि मधल्या प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या मागच्या गाडीची. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. पुढच्याला गाठायच्या नादात हे विसरलं की अर्धा ताफा चुकतो. अवघड टप्प्यावर एका वेळी एकच गाडी, आणि स्पॉटरही एकच. चारजण चार बाजूंनी ओरडायला लागले तर गाडी उभी कर आणि कुणाचं ऐकायचं ते विचारून घे.

तुझी गाडी नेण्याआधी लो रेंज, म्हणजे कमी वेग पण जास्त जोर देणारे गिअर, खरंच लागते का ते बघ. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर ऐनवेळी हटून बसतो. मातीच्या रस्त्यावर गाडी थांबवून, न्यूट्रलला आणून लावून बघ. डांबरावर मात्र नको. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तुझ्यासारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे गरजेपुरताच चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत, तो जोर चालू केला की पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र जखडले जात असल्याने तो फरक सुटायला जागाच मिळत नाही. मातीत चाक थोडं घसरून तो सोडवतं. कोरड्या डांबरावर सगळा पीळ ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीवर, बसतो. बॅटरीचा क्लॅम्प घट्ट असू दे, आणि जॅक, पाने, पाण्याचे कॅन पट्ट्याने बांध. गाडी कलली की सुटा जॅक डोक्याच्या उंचीवर येतो.

आता हवा. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असेल तर खडक-चिखलात २० च्या आसपास, वाळूत १५ ते १८. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, जमिनीवर भार वाटला जातो आणि चाक खोल जात नाही. १५ च्याही खाली गेलास तर जोरात वळवताना टायर रिमवरून सुटू शकतो. परत डांबराला लागण्याआधी हवा भरायचीच. कमी हवेच्या टायरची बाजू वेगात तापते आणि फाटते. म्हणून पहिली खरेदी चांगला प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर.

चढावर सरळ जा, तिरका नको. इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून धर, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाक आणि आलास त्याच रेषेत इंजिनच्या ब्रेकवर खाली ये. घाबरून स्टेअरिंग फिरवणारा आडवा होतो आणि मग कोलांटी. न्यूट्रलवर तर कधीच उतरू नकोस. उताराला लो रेंजचा पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला. अंगठे स्टेअरिंगच्या बाहेर. चाक दगडावर आपटून स्टेअरिंग उलटं फिरलं तर आत अडकवलेला अंगठा मोडतो. पाण्यात आधी काठी घेऊन चालत जा, आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर स्टार्टर मारू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

फसशील तू, सगळेच फसतात. क्लबात माणूस ओळखू येतो तो फसल्यावर. चाक जागीच फिरायला लागलं त्याच क्षणी पाय काढ. साध्या डिफमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरेन्शियलमध्ये, जोर जातो मोकळ्या चाकाकडे. रेटलंस तर ते स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. मग खाली उतर आणि फावडं घे. चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढ. पाच मिनिटं खणलं की दोराने ओढायला लागणारा जोर बराच कमी होतो, पण हे काम कुणाला नको असतं. ओढायचं तर शक्यतो आलेल्या दिशेला, तिथे चाकोरी तयार असते.

ताण पडल्यावर लांबणारा दोर, म्हणजे कायनेटिक रोप किंवा स्नॅच पट्टा, साधारण ९ मीटरचा आणि भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीनपट ताकदीचा हवा. दोन-तीन मीटर ढील जमिनीवर नागमोडी पडू दे. ओढणारा हळू निघतो, दोर ताणून ऊर्जा साठवतो, आणि तू लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये हलका ॲक्सिलरेटर देऊन साथ द्यायची. झटका जोराचा नको. पहिल्यांदा नाही निघाली तर पुन्हा खण. दोराच्या मध्यावर जड डॅम्पर, म्हणजे दोराची उसळी दाबणारं वजन, टाक, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं कर, कडेला, रेषेत नाही. शॅकल, म्हणजे दोर गाडीला अडकवायचा पिनवाला लोखंडी जोड, पावणेपाच टनांचा, त्यावर आकडा कोरलेला असलेलाच घे. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घे, नाहीतर ताण पडल्यावर ती जाम होते. दोन पट्टे शॅकलने जोडायचे नाहीत. एक तुटला तर तो लोखंडी गोळा काचेतून आत येतो.

ट्रेलर ओढायच्या बॉलला तर दोर लावूच नकोस. तो संथ ओढीसाठी असतो. झटक्याने तुटून उडतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. बंपरखाली दिसणारी प्रत्येक कडीही रिकव्हरी पॉइंट, म्हणजे फसलेली गाडी ओढायची जागा, नसते. काही कड्या फक्त वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्यापुरत्या असतात, त्यांचे बोल्ट बारीक असतात.

घरी आल्यावर रेडिएटरमधला चिखल मागच्या बाजूने हलक्या पाण्याने काढ, ब्रेक डिस्कमागे खडे आहेत का बघ, एक्झॉस्टला चिकटलेलं वाळकं गवत ओढून टाक. गाडी पाण्यात उतरली असेल तर डिफचं तेल तपास. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, लगेच बदल.

आता एक काम कर. गाडीखाली जाऊन पुढच्या-मागच्या कड्यांचे फोटो काढ, बोल्ट नीट दिसतील असे, आणि मला पाठव. त्या कशासाठी आहेत ते बघून सांगतो. तोवर फॉर्मवर ‘वाहनातील बदल’ या रकान्यात ‘काही नाही’ एवढंच लिही.

तुझा,
विजय