एका बोटाने दाखवा

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

पहिल्याच भेटीत तुम्ही म्हणालात, "दुखणं कुठून सुरू होतं ते एकाच बोटाने दाखवा." १४ वर्षं मी अर्धं डोकं तळव्याने दाबून धरत आले होते, असं कुणी विचारलंच नव्हतं. माझं बोट आपोआप उजवीकडे मानेवर, कवटीच्या कडेखाली गेलं.

अर्धशिशी आमच्या घरात नवी नाही. आई सुंठ उगाळून कपाळाला लावायची, सासूबाई पित्ताला बोल लावायच्या. माझी मात्र महिन्यातले १८-२० दिवस मुक्कामाला असायची. आधीच्या एका ठिकाणी तर न तपासताच ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तुम्ही तारखेऐवजी वही दिलीत. तीन महिन्यांच्या नोंदींतून कळलं की अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या ट्रिप्टानच्या गोळ्या मी महिन्यात १० दिवसांहून जास्त घेतेय आणि त्या गोळ्यांनीच दुखणं वाढतंय. त्या सोडतानाचे दिवस फार वाईट गेले. तुमच्या सिस्टर रोज संध्याकाळी फोन करायच्या, हे मी कधीच विसरणार नाही.

मग बोटॉक्स झालं, ३१ जागी टोचून, दर १२ आठवड्यांनी. उतार पडायचा, पण टिकायचा नाही. शेवटी एकदा डोकं ठणकत असतानाच मी बोटाने दाखवलेल्या जागच्या नसेपाशी तुम्ही बधिर करणारं इंजेक्शन दिलंत. थोड्या वेळाने मी खिडकीकडे डोळे उघडून बघितलं आणि रडले. डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रावर, तिथेच रक्तवाहिनीची सळसळ ऐकू आली. तुम्ही पेनने फुली मारलीत.

पण सगळ्यात मोठे उपकार त्यानंतरच्या तासाभराचे. अर्धशिशीसाठी नसेवरचा दाब काढायच्या शस्त्रक्रियेवरचा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे प्लास्टिक सर्जन डॉ. बहमान गुयुरॉन यांचा २००९ सालचा अभ्यास तुम्ही कागदावर मांडून समजावलात: ७५ रुग्ण, त्यातल्या काहींवर नुसतीच नावापुरती शस्त्रक्रिया. खऱ्या शस्त्रक्रियेनंतर ५७ टक्के लोकांची डोकेदुखी पूर्ण थांबली, नावापुरत्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम ४ टक्के लोकांची. लगेच हेही सांगितलंत की नुसती चीर दिलेल्यांतही निम्म्याहून अधिक लोकांना बराच फरक पडला होता आणि अनेक न्यूरॉलॉजिस्टना ही शस्त्रक्रिया अजून पटलेली नाही. "घरी बोला, घाई नाही," म्हणालात. यजमानांनी तो कागद जपून ठेवलाय.

शस्त्रक्रिया झाल्यापासून केस विंचरताना मागे अजून बधिर लागतं. तेही तुम्ही आधीच सांगितलं होतं. गेल्या महिन्यात चार दिवस दुखलं. वही चालू आहे, पुढच्या तपासणीला घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
तुमची एक रुग्ण