माझ्या पावलाभोवती खडू ओढणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे मला. नात वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "आवं ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय तिथंच मोडला असता आणि चहा सांगितला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. आता ऐकून घ्यावंच लागेल.

काल गाडी आमच्या साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या रानाच्या उतारावरून खाली आणली. बांधाच्या अलीकडे ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्यानं स्वतःच्या हातानं गाडी जुळवलेली नसणार.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. भंगारात निघालेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन, तिचीच चाकं, तिचेच ब्रेक. चौकोनी पाइपची चौकट मी आणि माझ्या भाच्यानं उभी केली. दोन माणसांची, उघडी, बुटकी गाडी. रस्त्यावर ती यायची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो की गाडीचा नमुना एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायचा, आणि तेवढी ऐपत आमची नाही. रान आहे, तेवढं पुरे. गावात चेष्टा चालूच असते, "मॅडम, बोलेरो कधी येणार?" देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली आणि २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. तेव्हापासून सातारा-सांगलीकडं कुणी पत्र्याला हात लावला की हा प्रश्न ठरलेला.

घोडं अडलं होतं ब्रेकपाशी. बुटक्या गाडीत पाय जवळजवळ सरळ पुढं जातात, त्यामुळं वरून लोंबणारं मूळचं पेडल चालत नाही, खालून उभं राहणारं लावावं लागतं. मग पेडल दाबलं की ऑइल चाकांकडं ढकलणारा मास्टर सिलिंडरही खाली जातो, पार चाकाच्या ब्रेकच्याही खाली. ऑइलची डबी त्याच्याच डोक्यावर ठेवली तर वरचं ऑइल सावकाश खाली उतरत राहतं. संध्याकाळी ठणठणीत असलेलं पेडल सकाळी पहिल्या दाबाला पोकळ जातं. साताऱ्यात ज्याला ज्याला दाखवलं त्यानं चाकाजवळचं निपल सोडलं, ऑइलमधली एअर काढली आणि पैसे घेतले. डबी कुठं बसवली आहे, हे बघायला कुणी वाकलं नाही. एका बहाद्दरानं तर पेडल कडक लागावं म्हणून मास्टरचा रॉड ताणून बसवला. "बघा, कसं दगड झालं!" झालंच की. दट्ट्याला पुरतं मागं यायला जागा उरली नाही, आतलं बारीक भोक झाकलेलंच राहिलं, तापून फुगलेलं ऑइल डबीत परत जाईना आणि ऐन उतारावर चाकं आपोआप आवळली. गाडी दोर लावून ओढत घरी आणली.

पण मला जास्त झोंबलं ते दुसरंच. जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" साहेबांना स्टेपनी बदलता येत नाही, हे मी जगाला कशाला सांगू? माझी उंची जेमतेम पाच फूट, पाय चार नंबरचा. प्रत्येक जण स्वतः सीटवर बसायचा, स्वतःच्या लांब टांगेनं पेडल दाबायचा आणि म्हणायचा, "ओके आहे." मला पोचत नाही म्हटलं की उत्तर तयार, "पाठीला उशी घ्या, मॅडम." उशी घेतली की छाती स्टिअरिंगला टेकते. तिथं कुठली उशी घेऊ?

तुमच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं की एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले आहेत आणि मन लागलं तरच काम घेतात. गाडी टेम्पोतून उतरवली. तुम्ही इंजिनाकडं पाहिलंसुद्धा नाही. विचारलंत, "ताई, चालवणार कोन?"

"मी."

"मग तुमीच बसा की. आन् चालवताना जी चप्पल घालता तीच घालून."

ताणलेलं ते पेडल तुम्ही आधीच काढून बाजूला टाकलं होतं. मला डोळे मिटायला लावलेत आणि म्हणालात, "समोर कुत्रं आडवं आलंय. दाबा ब्रेक." पाय आपसूक जिथं गेला तिथंच धरायला सांगून तुम्ही गुडघ्यावर बसलात, खाली फळीचा तुकडा सरकवलात आणि माझ्या पावलाभोवती खडूनं रेघ ओढलीत. कोल्हापुरीचे जुने कारागीर गिऱ्हाइकाचा पाय कागदावर उतरवून घ्यायचे, तशी. टाच इथं, चवडा इथं. मग त्या रेघेला धरून पेडल केलंत.

काका, आयुष्यभर गाड्या चालवल्या, त्या सगळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी पायाच्या. माझा पाय कुठं पडतो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर भाच्याशी नीट बोलताही येईना, तो बिचारा समजला की काम बिघडलं.

पुढचं तुम्ही बोलता बोलता उरकलंत. पेडल मागं-पुढं सरकावं म्हणून पट्टीला भोकं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, तेव्हा पेडलची तरफ सहास एक. रॉडला जेमतेम मिलिमीटरभर ढील. डब्या दोन, पुढच्या ब्रेकची वेगळी, मागच्याची वेगळी, आणि दोन्ही चाकांच्या ब्रेकपेक्षा उंच. ब्रेक ऑइल रंग खातं म्हणून ओतण्याआधी मडगार्डवर ओलं फडकं पसरलंत. तो रंग भाच्यानं ब्रशनं फासलेला होता, त्याची एवढी काळजी मीसुद्धा कधी केली नव्हती. आणि पावतीवर माझं नाव लिहिलंत. आधीच्या सगळ्या पावत्या यांच्या नावच्या आहेत, जपून ठेवल्यात मी, कधीतरी एकेकाला दाखवायला.

अशी माणसं असतात, म्हणून बरं चाललंय. म्हातारी नीट बसेपर्यंत डबल बेल न देणारा कंडक्टर असतो. फॉर्म आपल्याकडं फिरवून कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवणारी पोस्टातली बाई असते. त्यांना वेगळा पगार मिळत नाही, आणि उशी घ्या म्हणणाऱ्यांचा कापलाही जात नाही. हे मला अजून पटलेलं नाही, पण ते राहू दे.

डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ताजं असताना ते २३० अंशांना उकळतं, पण पाणी धरल्यावर १५५ लाच उकळू शकतं, हे तुम्ही सांगितलेलं वहीत लिहून ठेवलंय. पावसाळ्यानंतर एकदा बघायला आणा म्हणाला होतात, तेव्हा दिवाळी झाली की येते. कंदी पेढे आणणार नाही, तुमची साखर वाढल्याचं नातीनं सांगितलंय. रानातल्या शेंगा आणते. भाचाही येईल. तो सहा फुटी आहे, तेव्हा पेडल त्याच्यासाठी मागं-पुढं कसं करायचं ते त्याला दाखवाच, पण पाना माझ्या हातात द्या.

तुमची,
लिंबची ताई