या वयात कशाला?

नौपाडा, ठाणे

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, रोग निघाला की झालं. पुन्हा छाती बनवायचं वगैरे या वयात कशाला?" बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. रागावले नव्हते. पण उत्तर द्यायचं राहिलं, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

रिपोर्ट तू पाहिलाच आहेस. छातीतली कॅन्सरची गाठ सव्वादोन सेंटिमीटरची, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं वाढीचं प्रथिन तिच्यात जास्त नाही). म्हणजे पुढे काही वर्षं हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्या. केमो लागेल की नाही ते ऑपरेशननंतर ठरेल. बायोप्सीची सुई लागली की रोग पसरतो असं आत्या सगळ्यांना सांगत सुटली आहे. तिला तू समजाव, माझं ती ऐकत नाही. सुई घातली नसती तर औषध कोणतं चालेल हे कळलं तरी कसं असतं?

एवढ्या गाठीला एरवी सगळी छाती काढावी लागत नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढायचा, मग रेडिएशन घ्यायचं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी अशा बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली. २००२ साली दोघांचे निकाल छापून आले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. तेव्हा "सगळं काढून टाक, काळजी मिटेल" हे तुझं म्हणणं तितकंसं खरं नाही. माझं काढायचं कारण वेगळं आहे. मॅमोग्राफीत गाठीपासून लांबही चुन्याचे बारीक कण दिसले, आणि तिथल्या सुईतही सुरुवातीचा रोग निघाला. दोन्ही जागा काढून उरणार काय? खारघरला टाटाच्या केंद्रात दुसरं मत घेतलं, तेही हेच म्हणाले. त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता मिटला.

आता तुझा प्रश्न. नुसतं वय आडवं येत नाही, हे मी सर्जनबाईंना स्पष्ट विचारून घेतलं. आडवं येतं ते तंबाखू, फार वजन, हाताबाहेर गेलेली शुगर. पैकी शेवटचं माझ्याकडे आहे, आणि त्यावर काम चालू आहे.

तीन रस्ते सांगितलेत. पहिला इम्प्लांट, म्हणजे आत सिलिकॉनची पिशवी बसवायची. ऑपरेशन लहान, घरी लवकर. पण काखेतल्या लसिका ग्रंथींमध्ये रोग निघाला तर रेडिएशन लागणार, आणि रेडिएशन बसलं की इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून घट्ट होण्याची शक्यता वाढते. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं. सत्तरीत पुन्हा टेबलावर चढायची माझी तयारी नाही. आणि खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) आढळला, म्हणून २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने आपली तशी इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. तेव्हा कुणी इम्प्लांट सुचवलंच तर "गुळगुळीत की खरखरीत?" हे विचारायचं.

दुसरा, पाठीचा स्नायू पुढे वळवून आणायचा. हा भरवशाचा आहे म्हणतात. पण तो स्नायू हात खाली आणि मागे खेचतो, म्हणजे पोहताना पाणी मागे लोटतो तो हाच. पालिकेच्या तरणतलावातली माझी सकाळची बॅच तुला ठाऊक आहे. बायका तिथे व्याह्यांना शिव्या घालत चार फेऱ्या मारतात, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून माझा तेवढाच व्यायाम उरलाय. तो स्नायू मी सहजासहजी देणार नाही.

तिसरा, पोटाची चरबी आणि कातडी. स्नायू तिथेच ठेवून, बारीक रक्तवाहिन्यांसकट तो भाग वर आणायचा आणि मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडायचा. ऑपरेशन कितीतरी तासांचं. पहिल्या रात्री नर्स दर थोड्या वेळाने रक्त वाहतंय ना ते बघते, कारण जोड बंद पडला तर लगेच परत आत न्यावं लागतं. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण. तरी माझा कल इकडेच आहे. एकदा जमलं की जमलं, आणि माझं वजन वाढलं-घटलं तर तेही सोबत वाढतं-घटतं.

पूर्वीचा स्पर्श मात्र यातल्या कशानेच परत येत नाही. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आणि काहीच न करणं हाही रस्ता आहेच. ब्रामध्ये घालायचे पॅड मिळतात. तरणतलावातल्या एक बाई कित्येक वर्षं तशाच आहेत, आणि मजेत आहेत. डॉक्टरांनी पोटाचं नको म्हटलं तर मीही तशीच राहीन. पण ते शुगर आणि रक्तवाहिन्या बघून ठरू दे. "आता कुणाला दाखवायचंय" म्हणून नको. आरशात मीच बघते ना.

आता जरा तुझ्याबद्दल. मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. ती आणि मी सख्ख्या बहिणी, म्हणून डॉक्टरांनी बीआरसीएची जनुक तपासणी सांगितली आहे (या जनुकांत दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो). दोष निघाला तर तो तुझ्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. पुरुषांनाही त्यातून प्रोस्टेटचा, क्वचित छातीचाही कॅन्सर होतो, आणि चिऊचाही विचार करावा लागेल. घाबरू नकोस, पण "हे बायकांचं आहे" म्हणून बाजूलाही सारू नकोस. माझ्या ऑपरेशनचाही त्याच्याशी संबंध आहे. दोष असेल तर दुसरी बाजू आणि अंडाशयही काढायचा विषय येतो, आणि पोटाचा भाग एकदाच वापरता येतो. एका बाजूला खर्च करून टाकला आणि नंतर दुसरी बाजू निघाली, तर हात रिकामे. म्हणून मी म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत थांबू. सर्जनबाई म्हणाल्या, थोडे आठवडे चालतील, महिने नकोत.

एक भांडण तुझ्यावर सोपवते. विम्याच्या एजंटने ऐटीत सांगितलं, "हे कॉस्मेटिक, क्लेम होणार नाही." पॉलिसीच्या अपवादांच्या पानावर कॉस्मेटिक सर्जरीचं कलम वाच. त्या अपवादातून अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना वगळली आहे, म्हणजे ती विम्यात बसते. हे विमा नियामकांचं ठरावीक कलम आहे. त्याला मेल तू कर, इंग्रजीत, आणि मंजुरी आधीच लेखी घे. बाबांना यात ओढू नकोस. ते सध्या न सांगता भांडी घासतात, तेवढं पुरे.

प्लास्टिक सर्जन आणि सर्जनबाई एकत्र भेटणार त्या दिवशी तू ये. बोलायचं मी, लिहायचं तू. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा २०२३ साली छापलेला अभ्यासही विचारायचा आहे. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती साध्या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. अकरा रुग्णालयांतल्या सोळाशे बायकांमध्ये पाहिलं, तर ज्यांना ते दिलं त्यांच्यात पाच वर्षांनी रोग उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. इथे देतात का, एवढंच विचारायचं. मी विसरले तर आठवण कर.

मावशीच्या रिपोर्टची फाइल काकांकडे आहे, कोथरूडहून निघताना घेऊन ये. बाकरवडी आणू नकोस. शुगर खाली आल्याशिवाय तारीख मिळणार नाही, आणि तू आणलीस तर मी खाणार.

तुझी,
आई